सही करण्याआधी

सांताक्रूझच्या हँगरात माझी सगळी नोकरी गेली. मी एएमई, म्हणजे विमानाची देखभाल करणारा परवानाधारक इंजिनीयर. काम झालं की लॉगबुकात सही करायची, मग विमान सुटतं. आम्ही त्याला रिलीज म्हणतो. सुरक्षा म्हणजे पायलटचं कसब आणि यंत्राची मजबुती असं बाहेरच्यांना वाटतं. ते आहेच. पण सही करणाऱ्याच्या डोक्यावर त्या घटकेला काय काय बसलेलं असतं, यावरही बरंच ठरतं.

१. विमानं दिवसा उडतात आणि रात्री दुरुस्त होतात. पहाटे तीन ते पाच ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट वेळ. डोळे उघडे असतात, लक्ष मिटलेलं असतं. जून १९९० मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची पुढची काच अशाच वेळी बदलली गेली. माणसं कमी, म्हणून शिफ्ट मॅनेजर स्वतःच कामाला लागला. काचेला ९० बोल्ट. जुना बोल्ट हातात धरून त्याने नवे नजरेनेच जुळवले, तेही अंधुक उजेडात. त्यातले ८४ बारीक निघाले. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त. त्या विमानात काच बाहेरून बसवत, म्हणजे केबिनमधली हवा तिला बाहेर ढकलणार आणि सगळा भार बोल्टवर येणार. पुढच्याच उड्डाणात १७ हजार फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले, को-पायलटने विमान साउदम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा.

मला बोल्टपेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. या कामाला दुसऱ्या माणसाची तपासणी सक्तीची नव्हती. ज्याने केलं त्यानेच पाहिलं आणि त्यानेच सही केली. बरं, माणूस कामचुकार असता तर एक वेळ समजलो असतो. तो नावाजलेला होता.

२. हत्यार सापडेपर्यंत विमान हलवायचं नाही. आमच्या टूल बोर्डावर प्रत्येक पान्याची, स्क्रू ड्रायव्हरची आकृती रंगवलेली असते. वस्तू जागेवर नसली की रिकामी आकृती डोळ्यांत भरते. एका पावसाळी रात्री दहा नंबरच्या सॉकेटची जागा रिकामी दिसली. इंजिनाचं काउलिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, लावून झालं होतं. पुन्हा उघडलं. बॅटऱ्या मारून कोपरा न् कोपरा पाहिला, खालचे ट्रे उपसले, कचऱ्याचे डबे उलटे केले. तिकडे ऑपरेशन्सचा फोन थांबेना. शेवटी एका हेल्परने डांगरीचा दुमडलेला पाय झटकला आणि सॉकेट खणकन फरशीवर पडला. कोणी हसलं नाही, कारण तोवर पुढच्या दोन उड्डाणांचं गणित बिघडलं होतं. प्रवाशांना सांगितलं, ‘तांत्रिक कारणास्तव विलंब’. त्या घोषणेवर लोक चिडतात, पण मी प्रवासी असतो तेव्हा मला ती ऐकून बरंच वाटतं.

३. काम वाचवणाऱ्या युक्तीवर आधी संशय घ्यावा. अमेरिकन एअरलाइन्सने डीसी-१० चं इंजिन आणि त्याला पंखाशी जोडणारा पायलॉन वेगवेगळे न काढता फोर्कलिफ्टवर एकत्रच उतरवायला सुरुवात केली. एका विमानामागे सुमारे २०० मनुष्यतास वाचत होते. या खटाटोपात जोडणीला तडा गेला. २५ मे १९७९ रोजी शिकागोला उड्डाण घेतानाच डावं इंजिन निखळलं आणि २७३ माणसं गेली.

४. हलकं समजलं जाणारं काम खरं तर हलकं नसतं. १९९६ च्या ऑक्टोबरात लिमाला एरोपेरूचं बोइंग ७५७ धुवून काढलं. धुताना स्टॅटिक पोर्ट, म्हणजे हवेचा दाब मोजणारी छिद्रं, टेपने झाकली होती. ती टेप काढायची राहिली. चंदेरी टेप, चंदेरी पत्रा. रात्री कुणाच्याच नजरेत आली नाही. वर गेल्यावर उंची आणि वेग दोन्ही खोटे दिसू लागले. खाली काळा समुद्र, अंदाज घ्यायला एक दिवा नाही. ७० पैकी कुणीही वाचलं नाही. झाकणांना लाल फिती का असतात, हे नव्या पोरांना मी या गोष्टीवरून सांगायचो.

५. ‘सर’ म्हणण्याची सवय घातक. मंगळूरला २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ जण गेले, आठ वाचले. उड्डाणात कॅप्टन बराच वेळ झोपला होता. ध्वनिमुद्रणात घोरणं ऐकू येतं. विमान फार उंचावरून येतंय हे को-पायलटला कळलं होतं आणि ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर घ्या, असं तो तीनदा म्हणालाही. पण सूत्रं त्याने हातात घेतली नाहीत. आपल्याकडे लहानपणापासून मोठ्यांना उलट बोलू नये हे शिकवतात. कॉकपिटसाठी ते रोज नव्याने मोडावं लागतं. हँगरातही तेच. तडा सगळ्यात आधी दिसतो तो पत्रा पुसणाऱ्या पोराला.

६. कबुलीला शिक्षा केलीत तर पुढचा गप्प बसेल. डिसेंबर २००५ मध्ये सिएटलला सामान चढवणाऱ्या कामगाराचं वाहन अलास्का एअरलाइन्सच्या विमानाला घासलं. त्याने सांगितलं नाही. २६ हजार फुटांवर त्याच जागी भोक पडलं, केबिनमधली हवा गेली. विमान सुखरूप परतलं, हे नशीब. आपल्याकडे अपघात झाला की रात्रीच्या चर्चेत पहिला प्रश्न ‘दोषी कोण?’ हाच. आंतरराष्ट्रीय करारात मात्र चौकशीचा हेतू दोष ठरवणं हा नाही असं लिहिलेलं आहे. आमच्यातल्या बऱ्याच साहेबांनीही तो भाग कधी वाचला नसावा.

७. सुरक्षा विमानतळाच्या भिंतीपाशी संपत नाही. आपल्या चिकलठाणा विमानतळाचंच घ्या. २६ एप्रिल १९९३, औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७. धावपट्टी संपते तिथून जवळच बीडचा रस्ता, आणि त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक. उशिरा उचललेलं विमान त्या ट्रकला घासलं, पुढे विजेच्या उच्चदाब तारांत गेलं. ५५ जण मेले, ६३ वाचले. चौकशीत वैमानिकांची चूक निघालीच, पण उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली नव्हती, हेही कारण म्हणून नोंदवलं गेलं. ट्रकवाल्याच्या दृष्टीने तो रोजचाच रस्ता होता.

तीच गोष्ट घारींची. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला आणि कचरा टाकायला १९३७ च्या विमान नियमांनुसार बंदी आहे. आता कुर्ला-अंधेरीच्या गल्ल्या डोळ्यांपुढे आणा. घार इंजिनात गेली की पाती तपासायला आम्ही; उकिरडा उचलायला कोण?

८. प्रवाशाच्या नजरेला कमी लेखू नये. १९८८ साली हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या जुन्या बोइंग ७३७ चं छत उडत्या विमानातून सोलून निघालं आणि एक हवाई सुंदरी बाहेर फेकली गेली. विमानात चढताना एका बाईला दाराजवळ तडा दिसला होता. ती कुणाला काही बोलली नाही. या लोकांना ठाऊक असणारच, असं आपल्यालाही वाटलं असतं. तेव्हा काही वेगळं दिसलं तर क्रूला सांगा. पावसाळ्यात मुंबईला दारं बंद झाल्यावर डोक्यावरच्या झडपांतून पांढरं काही निघतं, ती एसीची वाफ असते. तिच्याबद्दल विचारलंत तरी चालेल, क्रूला उत्तर पाठ असतं.