शंभरावं लेकरू

पालकहो,

मे महिना संपत आला की आपल्या पाली गावापासून बीड शहरापर्यंत घराघरात एकच विषय असतो : कॉन्व्हेंटला नंबर लागला का? बीडच्या शाळेत व्हॅननं लेकरू पाठवणं आता आपल्याकडे नवं राहिलेलं नाही. कोणी कापूस विकून फी भरतं, कोणी उसनवारी करून. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. इंग्रजी चांगलं होतं आणि वळण लागतं. या ओढीला मी नावं ठेवणार नाही. पोरानं आपल्यापेक्षा पुढं जावं असं कोणत्या आईबापाला वाटत नाही? पण मी ख्रिस्ती आहे, शिकवण्यातच माझा जन्म गेला, म्हणून तुमच्याशी मोकळेपणानं बोलावंसं वाटतं. इंग्रजी आणि शिस्त आता कोणतीही बरी शाळा देते. टाय, बूट, स्नेहसंमेलन तर सगळीकडेच आहे. मग एखादी शाळा ख्रिस्ती ठरते ती कशामुळे?

इंग्रजीमुळे तर नक्कीच नाही. शेजारच्या नगरचंच बघा. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई 1827 मध्ये मुंबईत उतरली, 1839 मध्ये नगरला आली आणि 1862 मध्ये तिथंच तिचा देह पडला. मुलीच्या हातात पाटी देणं लोकांना पाप वाटत होतं, त्या काळात तिनं मुलींच्या शाळा चालवल्या, आणि त्या मराठीतून. जोतीराव फुल्यांनी नगरला तिची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढायचं त्यांच्या मनानं घेतलं. 1848 साली भिडेवाड्यात ती सुरू झाली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले. आज ज्यांना इंग्रजी माध्यम म्हणजेच मिशनची शाळा असं वाटतं, त्यांनी ही मूळची ओळख आठवावी. ज्या लेकराला कोणी शाळेत घेत नव्हतं त्याला घेणं, आणि त्याच्या आईच्या भाषेत शिकवणं.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं ते विधवांसाठी, म्हणजे घरादाराला जड झालेल्या मुलींसाठी. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या पोरी घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथं मुली छापखाना चालवायला शिकल्या, विणकाम शिकल्या, आंधळ्या मुली ब्रेल शिकल्या. प्रवेशासाठी मुलाखत नव्हती, आईबापाची मिळकत विचारायची सोय नव्हती, कारण आईबापच नव्हते.

यामागं जी गोष्ट आहे ती येशूनं सांगितलेली आहे. धनगराकडं शंभर मेंढरं होती. एक चुकलं. नव्याण्णव तशीच सोडून तो त्या एकाला हुडकायला गेला. बालाघाटाच्या माळावर मेंढरं राखणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. शाळेच्या भिंतीवर क्रूस आहे का, सकाळी प्रार्थना होते का, नाताळला गोठा मांडतात का, हे सगळं मला प्रिय आहे. पण शाळा नव्याण्णव हुशार लेकरांच्या निकालाचा फलक फाटकावर लावते आणि शंभरावं कुठं गेलं हे तिला ठाऊक नसतं, तर त्या क्रूसाखालून मुलं नुसती ये-जा करतात.

आपल्या जिल्ह्यात हे शंभरावं लेकरू कोण, ते तुम्ही जाणता. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीनंतरचा कोणत्याही गावच्या शाळेचा हजेरीपट उघडा. एखाद्या नावापुढं गैरहजेरीची खूण सुरू होते ती पार पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम उरकेपर्यंत, संपत नाही. ते लेकरू कुठंतरी फडाच्या कडेला असतं. आई मोळ्या बांधते, हे वाढं गोळा करतं. पोरगी थोरली असेल तर कोपीत धाकट्याला सांभाळते. परत आल्यावर ती वर्गात बसते तेव्हा बाकीची पोरं अपूर्णांकाच्या पुढं गेलेली असतात आणि तिला पाढेही आठवत नाहीत. तेव्हा बाई तिच्या शेजारी जाऊन बसतात की तिला शेवटच्या बाकावर सरकवतात, इथं मला शाळेचा धर्म दिसतो.

कायद्याचीही एक बाजू ऐका, कारण ती बऱ्याच जणांना माहीत नसते. शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांना पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. अल्पसंख्याकांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये दिला. घटनेच्या तिसाव्या कलमानं आम्हाला आमच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला, त्याचं हे फळ. मला त्या हक्काचा अभिमान आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की ख्रिस्ती शाळेनं ऊसतोड कामगाराचं लेकरू घेतलं नाही तर त्या 25 टक्क्यांच्या तरतुदीखाली तिला कोणी जाब विचारणार नाही. सरकार सांगत नाही म्हणून गरिबाला दार बंद, असं ज्या दिवशी होईल त्या दिवशी तो हक्क आम्ही कशासाठी मागितला हे मला सांगता येणार नाही.

आता तुमच्या मनातली भीती. तोंडावर कोणी बोलत नाही, पण ती आहे. लेकराचा धर्म तर बदलणार नाहीत ना? ही भीती जुनी आहे आणि तिला कारणंही घडलेली आहेत. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. तेच पुढं आपल्या जालन्याजवळ बेथेल गाव वसवणारे. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडं राहिला, तेव्हा वडील कोर्टात गेले. कोर्टानं मुलगा वडिलांच्या हवाली केला. त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना केवढं झगडावं लागलं! बापाच्या त्या धावपळीला मी चूक म्हणू शकत नाही. आज घटनेचं अठ्ठाविसावं कलम स्पष्ट आहे : मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तुम्ही लेकरू विश्वासानं सोपवता. त्या विश्वासाला तडा देऊन मिळवलेलं काहीही ख्रिस्ताच्या नावाला शोभत नाही.

आणि हुडकायला जाणं ही ख्रिस्ती माणसांचीच मक्तेदारी आहे, असंही नाही. आपल्या पालीतच बघा ना. दत्ता आणि संध्या बारगजे यांनी इन्फंट इंडिया उभी केली, एचआयव्हीबाधित मुलांना घर दिलं. ती संस्था ख्रिस्ती नाही. पण मेंढरामागं गेलेल्या धनगराचं काम आपल्या गावात कोणी केलं असं मला विचाराल, तर मी आधी तिकडं बोट दाखवीन. ख्रिस्ती शाळांनी त्यांच्याकडून शिकावं, यात मला कमीपणा वाटत नाही.

तेव्हा यंदा प्रवेशाला जाल तेव्हा फी किती, बस कुठून निघते, हे विचारा, ते विचारलंच पाहिजे. त्याबरोबर मुख्याध्यापिका सिस्टरांना आणखी काही गोष्टी विचारा. तुमच्याकडं कोयत्यावर जाणाऱ्यांची किती लेकरं आहेत? हंगामात ती कुठं राहतात? पट्टा पडल्यावर त्यांचा मागचा अभ्यास कोण भरून काढतं? फी थकली तर पोराला वर्गात उभं करता, की आईबापाला बोलावून एकांतात बोलता? माझ्या लेकराच्या शेजारी ते लेकरू बसलेलं मला चालेल, हेही त्यांना सांगा. असे प्रश्न पालकाच्या तोंडून फार क्वचित येतात. शाळेला वाटत राहतं की तुम्हाला फक्त निकाल हवा आहे, आणि मग ती तेवढाच देत राहते.