पद्मिनीची प्रतिकृती : बांधा, ऋतू आणि बारकावे

मोटारीची प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणजे मूळ गाडीचे प्रत्येक माप एकाच पटीने लहान करून घडवलेली वस्तू होय. एकास अठरा हे प्रमाण धरले, तर गाडीवरचे १८ मिलिमीटर प्रतिकृतीवर एक मिलिमीटर होतात, आणि हा हिशेब छतापासून दाराच्या मुठीपर्यंत कोठेही सोडायचा नसतो. दुकानात मिळणाऱ्या खेळण्यात चाके थोडी जाड, काचा थोड्या लहान असे चालून जाते, कारण ते हाताळण्यासाठी असते. बारकाव्यांसह केलेल्या प्रतिकृतीकडून मात्र दारे उघडावीत, बॉनेटखाली तारांसह इंजिन दिसावे, आसनांची शिवण ओळखू यावी अशी अपेक्षा असते. या छंदात वर्षे घालवलेल्या कारागिरांना वारंवार येणारा अनुभव असा की, काम फसते ते सुटे भाग कमी पडल्यामुळे क्वचितच. चुकलेल्या बांध्यावर एकापेक्षा एक नाजूक भाग चढवत गेल्यामुळे ते बहुधा फसते, आणि छताची कमान दोन मिलिमीटर उंच झाली असेल तर इंजिनात भरलेली कोणतीही तार ती गाडी ओळखीची करू शकत नाही.

महाराष्ट्रात असे काम हाती घेणाऱ्यासाठी प्रीमियर पद्मिनीइतकी योग्य गाडी दुसरी सापडणे कठीण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने ज्या मोटारी बांधल्या, त्यांपैकी १९६४ पासूनची फियाट ११०० डिलाइट १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत माहीत झाली, आणि २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी, २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाहेर पडली. मूळ गाड्या भंगारात जात असताना त्यांची खरी मापे घेऊन प्रतिकृती करणे हे नोंद ठेवण्याचेही काम आहे, आणि म्हणूनच ते सैलपणे करणे योग्य नव्हे.

पहिली सावधगिरी गाडीच्या निवडीबाबत आहे. ‘पद्मिनी’ एवढे ठरवून भागत नाही; कोणत्या सालची, खासगी की टॅक्सी, नवी कोरी की वापरून झिजलेली, हे लिहून ठेवल्याशिवाय एकही तुकडा कापू नये. १९५० च्या दशकातली गोलसर फियाट, जिला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तिची पुढची दारे मागच्या कडेला बिजागरी असलेली होती, तर पद्मिनीची दारे पुढच्या कडेवर फिरतात. एकीच्या छायाचित्रावरून दुसरीची बिजागरी बेतली की सगळा दर्शनी भाग खोटा ठरतो. पुढची जाळी, दिवे, नावाच्या पट्ट्या यांतही वेळोवेळी फरक झाले आहेत. गाडीच्या क्रमांकाची पाटीसुद्धा साल सांगते: चंद्रपूरचा ‘एमएच ३४’ हा क्रमांक १९८९ नंतरच्या नोंदणी पद्धतीतला आहे, त्यामुळे कारखान्यातून नुकत्याच आलेल्या १९७४ च्या गाडीवर तो लावला, तर जाणकाराची नजर प्रथम तेथेच अडखळते. टॅक्सी करायची असेल, तर बाहेरच्या बाजूस बसवलेले यांत्रिक भाडेमीटर आणि टपावरचा सामानाचा कठडा यांची मापे स्वतंत्रपणे घ्यावी लागतात, कारण ते भाग कारखान्याचे नसून बाजारात तयार झालेले होते.

प्रमाण निवडताना उत्साहापेक्षा हिशेब कामास येतो. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर २३४० मिलिमीटर आहे. एकास त्रेचाळीस प्रमाणात ते जेमतेम ५४ मिलिमीटर होते, एकास चोवीसमध्ये ९७.५, एकास अठरामध्ये बरोबर १३०, तर एकास आठमध्ये २९२.५ मिलिमीटर. एकास आठची प्रतिकृती भव्य दिसते खरी, परंतु तेथे प्रत्येक स्क्रूचे डोके दिसू लागते आणि जे दिसते ते करावेच लागते. पहिल्या गंभीर प्रयत्नासाठी एकास अठरा हे प्रमाण सोयीचे पडते. त्यात सुमारे ३.९ मीटर लांबीची गाडी २१-२२ सेंटिमीटरांत बसते, दारे उघडती ठेवता येतात आणि जे भाग हाताने करणे शक्य नाही ते वगळण्याचा मोकळेपणाही राहतो.

मापे घेण्याच्या टप्प्यावर छायाचित्रांवर अवाजवी विश्वास ठेवला जातो. जवळून काढलेल्या छायाचित्रात कॅमेऱ्यासमोरचा मडगार्ड फुगतो आणि मागचा भाग आक्रसतो, म्हणून गाडीपासून शक्य तितके दूर उभे राहून, लांब पल्ल्याच्या भिंगाने, कॅमेरा चाकाच्या मध्याएवढ्या उंचीवर ठेवून छायाचित्रे घ्यावीत, आणि तरीही त्यांचा उपयोग केवळ पडताळणीसाठी करावा. खरे माप घ्यायचे ते ओळंबा, गुण्या आणि टेपने: गाडी सपाट जागी उभी करून तिच्या कडांवरून ओळंबा सोडावा, जमिनीवर खुणा कराव्यात आणि त्या खुणांमधील अंतरे मोजावीत. बॉनेट, छत आणि डिकी यांच्या वक्रतेसाठी जाड पुठ्ठा कापून तो पत्र्याला तंतोतंत टेकेपर्यंत छाटत न्यावा. असा पुठ्ठ्याचा साचा गाडीचा आडवा छेदच हातात देतो. जुन्या गाडीला डेंटिंगवाल्याने भरलेली पुटी असू शकते, म्हणून डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजू मोजून त्यांची तुलना करणे आवश्यक ठरते.

गाडीच्या रचनेविषयीही एक चूक सर्रास होते. जीप किंवा ट्रकप्रमाणे खाली लोखंडी चौकट आणि तिच्यावर ठेवलेला साटा असे गृहीत धरून अनेक जण आधी चौकट बांधायला घेतात. पण फियाट ११०० च्या घराण्यातील गाड्यांचा सांगाडा एकसंध आहे, म्हणजे तळाचा पत्रा, खांब आणि छत मिळूनच सगळा भार पेलतात आणि वेगळी चौकट नसते. पुढे स्प्रिंगांवर स्वतंत्रपणे हलणारी चाके, मागे पाट्यांच्या कमानींवर बसलेला अखंड आस, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, ही मांडणी आधी समजून घेतली म्हणजे प्रतिकृती उलटी करून पाहणाऱ्यालाही ती पटते.

यानंतर साहित्याचा प्रश्न येतो, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूरसारख्या ठिकाणी तो निराळ्या तऱ्हेने सोडवावा लागतो. आलापल्ली आणि बल्लारपूरच्या सागवानाचा लौकिक असलेल्या या मुलखात मूळ ठोकळा, म्हणजे ज्याच्यावरून पुढे साचा काढायचा तो घडवलेला नमुना, सागवानाचाच असावा असे सहज वाटते. टिकाऊपणात सागवानाला तोड नाही. मात्र त्याची छिद्रे मोठी असून ती पट्ट्यापट्ट्यांनी येतात, त्यात नैसर्गिक तेल असते, आणि गुळगुळीत रंगाखाली ती छिद्रे काही महिन्यांनी पुन्हा वर दिसू लागतात. ज्या लाकडात पटाशी सर्व दिशांनी सारखी चालते आणि ज्याचा पोत बारीक आहे असे हळदू, किंवा हलके आणि वाळल्यावर फारसे न हलणारे शिवण, या कामाला अधिक योग्य होय. जवळच्या निर्मळ येथील खेळणी करणारे कारागीर पोनिकी नावाचे मऊ लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले, त्यामागे हाच विचार आहे: वजन पेलायचे नसते तेव्हा लाकडाची ताकद नव्हे, तर त्याचा एकसारखा पोत पाहायचा असतो.

लाकूड कोणतेही असो, ते हवेतील ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते, आणि ही हालचाल तंतूंच्या दिशेने नगण्य पण आडवी मात्र चांगलीच जाणवण्याजोगी असते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते, तर पुढच्या दोन महिन्यांत तीच हवा दमट होते. उन्हाळ्यात घडवलेल्या ठोकळ्याची रुंदी पावसाळ्यात अर्धा मिलिमीटर वाढली, तर एकास अठराच्या हिशेबाने गाडी ९ मिलिमीटरांनी रुंद झाली. आणि दाराभोवतीची फट खऱ्या गाडीत चार-पाच मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत पाव मिलिमीटर एवढीच असते हे लक्षात घेतले, म्हणजे दार बसेनासे होण्याचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. म्हणून लाकूड निदान एक पूर्ण वर्ष घरातच वाळू द्यावे, ठोकळा गाडीच्या लांबीच्या दिशेने तंतू येतील असा कापावा, आणि आकार पूर्ण होताच सर्व बाजूंनी, तळालासुद्धा, प्रायमरचा हात देऊन तो बंद करावा. तळ कोरा ठेवला की ओलावा तेथूनच शिरतो आणि ठोकळा वाकडा होतो.

ठोकळ्यावरून सिलिकॉन रबराचा साचा काढून त्यात रेझिन, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारे प्लास्टिक, ओतण्याची पद्धत आता रुळली आहे. रेझिन घट्ट होताना स्वतः उष्णता सोडते आणि बाहेरचा उकाडा त्या क्रियेला वेग देतो, त्यामुळे डब्यावर लिहिलेला वेळ हा गडचांदूरच्या मे महिन्यातला वेळ नसतो. मिश्रण साच्यात पसरण्याआधीच दाटते आणि बुडबुडे आत अडकतात. पातळ खांब असलेले छत पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत उभे ठेवले, तर ते आपल्याच वजनाने हळूहळू वाकते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. इंग्लंडचे जेराल्ड विंग्रोव्ह यांच्यासारखे नामांकित प्रतिकृतिकार साटा धातूच्या पत्र्यातून घडवण्याचा मार्ग धरतात. तो कष्टाचा असला तरी उष्ण प्रदेशात त्याचे महत्त्व वाढते, कारण पितळ उन्हाने वाकत नाही. पत्रा ठोकताना कडक होतो, म्हणून मधूनमधून तो लालसर तापवून मऊ करावा लागतो, आणि हे काम सोनाराच्या पेढीत पाहून शिकता येते.

लहान भागांबाबत बाहेरून महागडे साहित्य मागवण्याची घाई करू नये. प्लगच्या जाड तारेची जाडी सुमारे ७ मिलिमीटर धरली, तर एकास अठरामध्ये ती ०.३९ मिलिमीटर होते, आणि मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी २८ गेजची तार सुमारे ०.३८ मिलिमीटर जाडीची असते. दाराच्या मुठी, नावाच्या पट्ट्या किंवा आरशाचे पाय मेणात कोरून पितळेत ओतून घेता येतात. मेणाचा नमुना वितळून जातो आणि त्या पोकळीत धातू उतरतो, हेच तंत्र शेजारच्या बस्तरातील घडवा कारागीर आपल्या मूर्तींसाठी वापरतात. धातू थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो, तेव्हा मेणाचा नमुना तेवढा मोठा करावा. चकचकीत पट्ट्यांसाठी चंदेरी रंग वापरल्यास त्या राखाडी दिसतात. पितळेवर निकेलचा मुलामा किंवा अत्यंत पातळ ॲल्युमिनियमची पन्नी हे दोन उपाय खरे.

रंगाचे प्रकरण सर्वांत निसरडे आहे. खऱ्या गाडीवरचा रंग साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. तीच जाडी प्रतिकृतीवर आली, तर ती १.८ मिलिमीटरांच्या थराएवढी ठरते आणि दाराच्या कडा, नावाची अक्षरे, सांधे सगळे बुजते. म्हणून पातळ केलेला रंग फवाऱ्याने अनेक विरळ हातांत द्यावा लागतो, आणि येथेच हवामान आडवे येते. कोरड्या उन्हाळ्यात फवाऱ्याचे थेंब पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकतात व रंग खरखरीत होतो. पावसाळ्यात थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि चकाकीऐवजी पांढुरका धूसरपणा येतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस, सकाळचे दव ओसरल्यावर, या कामासाठी उत्तम होत. मात्र तेव्हा कापसाचे तंतू हवेत असतात, आणि सिमेंट व चुनखडीच्या या परिसरात बारीक धूळ बारमाही असते. ती ओल्या रंगात बसली की पॉलिश पेपरने घासूनही डाग राहतो. खोलीची जमीन ओली करावी, फवारणी खोक्याच्या आडोशाला करावी आणि रंगवलेला भाग लगेच झाकावा. काळ्या टॅक्सीचा रंग तर प्रत्येक दोष दुप्पट दाखवतो. शिवाय लहान वस्तूवर शुद्ध काळा अवाजवी गडद वाटतो, म्हणून त्यात किंचित करडेपणा मिसळणे इष्ट.

गॅरेजमधील दोन घटकांचा कडक रंग टिकाऊ म्हणून मोह घालतो, पण त्याच्या कठीणकात आयसोसायनेट वर्गाची रसायने असतात, आणि त्यांच्या तुषारांनी दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मुखपट्टी या वाफांना अडवत नाही. राहत्या घरात, लहान मुले असताना, हा रंग वापरूच नये. एकाच घटकाचा ॲक्रिलिक रंग कमी टणक असला तरी काचेच्या पेटीत ठेवायच्या वस्तूसाठी पुरेसा आहे.

काचांसाठी पारदर्शक पत्रा बसवताना झटपट चिकटणारा गोंद टाळावा, कारण त्याची वाफ पारदर्शक भागावर पांढरी बुरशीसारखी बसते आणि दमट हवेत हे अधिकच घडते. मऊ प्लास्टिकचे टायर थेट प्लास्टिकच्या चाकावर चढवले, तर त्यांतील तेलकट द्रव्य कालांतराने चाक विरघळवते. मध्ये धातूचे कडे ठेवावे.

प्रतिकृती पूर्ण झाल्यावर मापांची वही तिच्याबरोबरच ठेवावी, आणि तीत प्रत्येक आकड्यापुढे तो प्रत्यक्ष गाडीवरून घेतला, छायाचित्रावरून काढला की अंदाजाने धरला हे लिहिलेले असावे, जेणेकरून पुढे दुसऱ्या कोणी पद्मिनी करायला घेतली, तर कोणते माप पुन्हा घ्यायचे हे त्याला आधीच कळेल.