शरीराची ऊब आणि अन्नाचा व्यय

हिवाळ्याच्या थंड रात्री पाल भिंतीच्या फटीत निश्चल पडून असते. त्याच वेळी उंदीर घरभर वावरत असतो. या भेदाचे मूळ दोघांच्या शरीरातील उष्णतेत आहे. पालीच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेबरोबर चढते व उतरते. अशा प्राण्यांस अनियततापी म्हणतात. उंदराचे तापमान मात्र सामान्यतः ३७ अंश सेल्सियसच्या आसपास टिकून राहते. सस्तन प्राणी व पक्षी हे असे नियततापी होत.

ही स्थिर ऊब फुकट मिळत नाही. १७८२-८३ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये लाव्हाझ्ये व लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवून, त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो हे मोजले. कोळशाच्या ज्वलनाशी तुलना करून त्यांनी अनुमान काढले की, श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन होय. या ज्वलनाचे इंधन म्हणजे अन्न. सारख्याच वजनाच्या सस्तन प्राण्यास लागणाऱ्या अन्नाच्या सुमारे एक दशांश अन्नावर सरड्याचा निर्वाह होतो. मगर तर कित्येक महिने उपाशी राहू शकते.

लहान प्राण्यास हा खर्च अधिक जड जातो. शरीर जितके लहान, तितका वजनाच्या मानाने त्वचेचा विस्तार मोठा. आणि बरीचशी उष्णता त्वचेवाटेच निसटते. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, वजन सोळापट झाले तरी ऊर्जेचा व्यय सुमारे आठपटच होतो. उलटपक्षी, जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या एका चिचुंदरीस रोज स्वतःच्या वजनाहून अधिक अन्न लागते. थंडीत अन्न न मिळाल्यास ती आपले तापमान काही काळ उतरू देते आणि जडावस्थेत राहून इंधन वाचवते.

उन्हाळ्यात प्रश्न उलट होतो. चाऱ्याचे पचन व दुधाची निर्मिती या क्रियांतूनही उष्णता उत्पन्न होते. म्हशीची त्वचा काळी, तीत घर्मग्रंथी थोड्या. म्हणून ती डबक्यात डुंबते. पाणी व सावली न मिळाल्यास ती चारा कमी खाते, आणि त्याबरोबर दूधही घटते. अशा वेळी नुसता चारा वाढवून लाभ होत नाही. तिला सावली द्यावी, अंगावर पाणी घालावे व चारा सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात घालावा. मग खाल्लेले अन्न तिच्या अंगी लागते.