जुना दोरा वापरावा की टाकावा?



ऊस विकास अधिकाऱ्यानं बेणं, खत, पाचट सोडून दोऱ्यावर काय लिहायचं, असं कुणालाही वाटेल. पण या दोऱ्यानं माझी फजिती केली आणि एका सभासदाचं नुकसानही केलं, म्हणून लिहितो.

माती नमुन्याच्या कापडी पिशव्या कमी पडल्या होत्या. घरी आईच्या ट्रंकेत लाकडी रिळांवरचा सुती दोरा होता, पांढरा आणि काळा. इतकी वर्षं जपलाय, वाया कशाला घालवायचा, म्हणून काळ्या दोऱ्यानं दहा-बारा पिशव्या घरीच शिवून घेतल्या. म्हसवडच्या शिवारातून एका सभासदाच्या दोन रानांचे नमुने घेतले आणि मोटारसायकलला थैली अडकवून निघालो. खडखडाटात दोन्ही पिशव्यांची शिवण उसवली. माळाची मुरमाड माती आणि ओढ्याकाठची काळी माती थैलीत एक झाली. चार दिवसांनी परत गेलो, तर नमुना दिलाच आहे म्हणून गड्यानं एका रानात लागणीचं खत टाकलं होतं. खत पडल्यावरचा नमुना जमिनीचं खरं रूप दाखवत नाही. त्या रानाला सुरूच्या हंगामात अंदाजानंच खत द्यावं लागलं.

दोरा तपासायला दोन मिनिटं लागली असती. रिळाचा वरचा थर धूळ, धूर आणि उजेड खाल्लेला असतो, म्हणून पहिले वीस-पंचवीस वेढे काढून टाकावेत. मग हातभर दोरा घेऊन दोन्ही टोकं बोटांना गुंडाळावीत आणि आधी सावकाश ओढावा, नंतर हिसका द्यावा. चांगला दोरा बोटाला करकचतो, मग तुटतो. कुजलेला काही न बोलता सुटतो. त्याच नंबरचा नवा दोरा शेजारी ओढून पाहिला की फरक लगेच कळतो. (नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे विसरून चाळीसची तुलना दहाशी करू नये.) ही परीक्षा रिळाच्या वरच्या, मधल्या आणि आतल्या भागात वेगवेगळी घ्यावी. वरचा गेलेला आणि आतला धडधाकट, असं पुष्कळदा निघतं.

सुती दोरा भिजवूनही ओढावा. निरोगी सूत ओलं झाल्यावर कमजोर होत नाही, उलट थोडा जास्त ताण घेतं. ओलं करताच तुटलं तर ते रीळ शिवणीतून बाद.

काळ्या दोऱ्याकडं जास्त संशयानं पाहावं. सुताला काळा रंग बरेचदा गंधकाच्या रंगद्रव्यानं देतात. वर्षानुवर्षं साठवणीत, ओलसर हवेत त्यातून आम्ल तयार होतं आणि तंतू आतून खातं. वरून दोरा तसाच काळाभोर, तुळतुळीत दिसतो. मी तिथंच फसलो. आईचा पांढरा दोरा आजही नव्याच्या तोडीस तोड आहे.

दोरा कशाचा हे कळत नसेल तर टोक जाळून पाहावं. सूत कागदासारखं जळतं व राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिएस्टर ट्रंकेत सहसा खराब होत नाही. नायलॉन मात्र उन्हात कमजोर होतं, खिडकीतलं रीळ ताडपत्रीला वापरू नये. रंगीत दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासावा. रंग सुटला तर लुगड्याला, झबल्याला लावू नये.

मेण लावल्यानं दोरा मजबूत होतो, हा समज आहे. तो गुळगुळीत होतो, सुईतून नीट सरकतो, एवढंच. गेलेली ताकद परत येत नाही.

आमच्या माऊलींना एक सांगणं. सासूबाईंच्या आठवणीचा दोरा वाकळेला घालावासा वाटतो, ते खरंच आहे. पण वाकळ शिवायला दिवसच्या दिवस जातात आणि धुताना ओलं वजन टाक्यांवरच येतं. आधी वीतभर चिंधीवर टाके घालून, धुऊन, पिळून, आडवं ताणून पाहावं. टिकला तर खुशाल घालावा. नाही टिकला तर कच्च्या शिलाईला वापरावा, नंतर उसवायचीच असते. खताच्या किंवा धान्याच्या पोत्याचं तोंड शिवायला मात्र तो अजिबात नको, तिथं दाभण आणि नवी सुतळीच.

आता नमुन्याच्या पिशव्या मी नव्या दोऱ्यानं दुहेरी शिवून घेतो आणि प्रत्येक पिशवी न्यायच्या आधी ओढून पाहतो. पूर्वहंगामी लागणीचे नमुने द्यायचे आहेत त्यांनी खत टाकण्याआधी गट कार्यालयात नाव नोंदवावं. पिशवी आम्ही देऊ.

ऊस विकास अधिकारी