नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण? ज्येष्ठ सभासदांसाठी थोडी माहिती



गेल्या श्रावणात आरतीनंतर प्रदक्षिणेसाठी उठताना आमची सौ. एकदम खाली बसली, असे त्या दिवशी हजर असलेल्यांना वाटले. खरे म्हणजे ती पडली होती. आणि ती पहिली वेळ नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी पहाटे बाथरूमकडे जाताना ती दाराच्या चौकटीवर आदळली होती. मुलाला कळले तर तो मंदिरात येणे बंद करील, म्हणून आम्ही दोघांनी ते लपवून ठेवले होते. मंदिरात पडल्यावर मात्र लपवण्यासारखे काही उरले नाही. पुढे जे झाले ते विश्वस्तांच्या कानावर घातले, तेव्हा “लिहून द्या, इतरांना उपयोग होईल,” असे ते म्हणाले. म्हणून हा लेख.

मुलाने दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांची वेळ सात आठवड्यांनंतरची होती, नर्स प्रॅक्टिशनर मात्र पुढच्याच मंगळवारी भेटणार होत्या. मी म्हणालो, “नर्स नको, डॉक्टरच हवेत.” या देशात चाळीस वर्षे काढून मी हे बोललो! आपल्या पिढीच्या डोक्यात नर्स म्हणजे ताप मोजणारी, इंजेक्शन देणारी सिस्टर. नर्स प्रॅक्टिशनर हे वेगळेच पद आहे. आधी नर्सिंगची पदवी आणि परवाना, त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय परीक्षा. त्या रोग्याला तपासतात, निदान करतात, रक्ताच्या चाचण्या सांगतात आणि पन्नासही राज्यांत औषधे लिहून देऊ शकतात. काही राज्यांत त्या स्वतंत्रपणे काम करतात, काही राज्यांत डॉक्टरांशी लेखी करार लागतो. त्यांच्यात प्रौढ व वृद्धांच्या आरोग्याचे खास शिक्षण घेतलेल्याही असतात. वेळ ठरवताना तसे विचारून घ्यावे.

या पदाची सुरुवात 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्याचे काम केलेल्या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी पहिला अभ्यासक्रम काढला, तोही लहान मुलांसाठी. खेड्यापाड्यांत डॉक्टर पोहोचत नव्हते, ही अडचण होती. मेडिकेअरचा कायदाही त्याच वर्षी झाला. लोरेटाबाई 2025 च्या जानेवारीत 104 व्या वर्षी गेल्या.

आता आमची भेट. आधीच फोन आला होता की घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, भारतातून आणलेल्या, दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या, सगळ्या. पिशवी चांगली जड झाली. बाईंनी एकेक बाटली हातात घेऊन नाव वाचले. रक्तदाबाची एक गोळी इथल्या डॉक्टरांनी दिलेली होती आणि एक पुण्याहून आणलेली. नावे वेगळी, आतले औषध एकच, लोसार्टन! सौ. दोन्ही घेत होती आणि डबे भरून देणारा मी होतो. मी इंजिनियर माणूस, पण पाकिटावरचे बारीक अक्षर कधी वाचले नाही. (तशीच गोष्ट पॅरासिटामॉलची. इथे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन नावांनी दुप्पट घेतले तर यकृताला धोका.)

दुसरी वस्तू झोपेची. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘पी. एम.’ लिहिलेल्या बऱ्याच गोळ्यांत डायफेनहायड्रामिन असते. वृद्धांनी टाळायच्या औषधांची एक यादी डॉ. मार्क बीअर्स यांनी 1991 साली केली. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते आणि हे औषध तिच्यात आहे. त्याने गुंगी राहते, गोंधळल्यासारखे होते, तोल जातो. पहाटेच्या पडण्याचे निम्मे कारण तिथे सापडले.

मग त्यांनी सौ.ला पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घेतला आणि उभे केल्यावर पुन्हा घेतला. 142 चा 114 झाला. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला तर काळजीचे असते. आरतीला खाली बसून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती हीच. नंतर खुर्चीतून उठून दहा फूट चालणे, वळणे आणि परत येऊन बसणे, हे घड्याळ लावून मोजले. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याची शक्यता मोठी. सौ.ला एकोणीस लागले. ही परीक्षा घरीही घेता येते, पण शेजारी कोणीतरी उभे असू द्या.

पायांना मुंग्या येतात का, हेही विचारले. आम्ही जन्माचे शाकाहारी, आणि सौ. बारा वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. दोन्हीमुळे बी-12 कमी होऊ शकते. तपासल्यावर खरोखरच कमी निघाले. आपल्या मंडळींनी हे मुद्दाम तपासून घ्यावे, असे मला फार वाटते. एकादशीला मधुमेहाच्या गोळीचे काय करायचे, हाही प्रश्न त्यांनीच काढला. काही गोळ्या पोटात अन्न नसताना साखर धोकादायक रीतीने खाली आणतात. उपवासाआधी विचारून ठेवा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र मी खोलीत नसताना झाली. बाईंनी मुलाला आणि मला बाहेर बसायला सांगून फोनवर मराठी दुभाषा लावला. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाषा विनामूल्य द्यावा लागतो. तेव्हा सौ. बोलली. लघवी आवरत नाही म्हणून ती रात्रीतून चार वेळा धावत उठत होती. मुलासमोर ती हे कधीच बोलली नसती. माझ्याजवळही बोलली नव्हती. पन्नास वर्षांच्या संसारानंतर हे फोनवरच्या अनोळखी माणसाला कळावे, याचे मला वाईट वाटले, पण दोष तिचा नाही.

शेवटी त्यांनी विचारले, “तुम्हाला सगळ्यांत जास्त काय महत्त्वाचे वाटते?” सौ. म्हणाली, “गुरुवारची आरती उभे राहून करायची आहे.” बाईंनी ते तसेच फाइलमध्ये लिहिले आणि उपचार त्याभोवती आखले. दुहेरी गोळी बंद, झोपेची हळूहळू बंद, बी-12 सुरू, लघवीसाठी व्यायाम, पाय बळकट करण्यासाठी फिजिओथेरपी. छातीत एक आवाज ऐकू आला म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडेही धाडले. आपले काम कुठे संपते हे त्यांना नीट ठाऊक होते. हे वाचून कोणी मनाने गोळ्या बंद करू नयेत, विचारूनच करावे.

पैशांचे थोडक्यात. मेडिकेअरच्या पार्ट बी मध्ये नर्स प्रॅक्टिशनरची भेट धरली जाते. मेडिकेअर त्यांना डॉक्टरांच्या दराच्या 85 टक्के दर लावते, आणि वार्षिक वजावट भरल्यावर आपला वाटा साधारण 20 टक्के असतो. वर्षातून एकदाची वेलनेस भेट मोफत असते, मात्र तीत इतर दुखणी काढली तर वेगळे बिल येऊ शकते. 2020 पासून घरी येणाऱ्या नर्सची व फिजिओची सेवाही त्या स्वतः मंजूर करू शकतात. ती सेवा घराबाहेर पडणे कठीण असलेल्यांनाच मिळते. पण देवळात जाण्यामुळे ती थांबत नाही, कायद्यात तशी स्पष्ट सूट आहे. कित्येक जण या भीतीने दर्शन सोडतात, म्हणून लिहिले.

मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर नसते. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षे झाल्यावर, 65 पूर्ण असतील तर, ते विकत घेता येते. तोवर सरकारी अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे उत्पन्न पाहून फी घेतात. तिथेही बहुधा नर्स प्रॅक्टिशनरच भेटतील.

सौ. आता उठण्याआधी क्षणभर बसून राहते, पाय हलवते, खांबाला हात लावते आणि उभी राहते. गेल्या गुरुवारी आरती संपेपर्यंत उभी होती.

आपल्या सभासदांत गाडी न चालवणारे बरेच आहेत आणि दवाखान्याच्या वेळा कामाच्या दिवशी असतात. आठवड्यातून एक सकाळ कोणाला नेऊन आणू शकाल, तर मंदिराच्या कार्यालयात नाव द्यावे. ज्यांना न्यायला कोणी नाही त्यांनीही संकोच न करता सांगावे. घरात वापराविना पडलेले वॉकर, काठ्या, आंघोळीच्या खुर्च्या असतील तर स्वच्छ करून प्रसादाच्या खोलीशेजारी ठेवाव्यात. मागील महिन्यात आलेले दोन वॉकर त्याच दिवशी गेले, आणखी तिघे थांबले आहेत.

— एक ज्येष्ठ सभासद