वाऱ्याची शेती

डेन्मार्क देशात जटलंड द्वीपकल्पाच्या पूर्वेस, कॅटेगॅट समुद्रात, सामसो नावाचे एक लहानसे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर असून लोकवस्ती चार हजारांहूनही कमी आहे. शेती हा येथील लोकांचा पूर्वापार व्यवसाय. येथील बटाटे डेन्मार्कभर प्रसिद्ध आहेत. सभोवार समुद्र असल्यामुळे बेटावर वाऱ्याला तोटा नाही.

परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस या बेटाची स्थिती चिंताजनक झाली होती. तेथील मोठा कत्तलखाना बंद पडला आणि अनेकांची रोजी बुडाली. शिक्षणासाठी मुख्य भूमीकडे गेलेले तरुण परतत नसत. घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारे तेल जहाजांतून येई. वीज समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतून येई, आणि तीही दूरच्या केंद्रात कोळसा जाळून निर्माण केलेली असे. अशा रीतीने इंधन बाहेरून येई आणि त्याचे मोल म्हणून बेटावरील पैसा बाहेर जाई. डोक्यावरून वाहणारा वारा मात्र व्यर्थ जात होता.

१९९७ साली डेन्मार्कच्या सरकारने एक स्पर्धा जाहीर केली. दहा वर्षांच्या आत आपली सर्व ऊर्जा वारा, सूर्य व शेतमाल यांपासून मिळवण्याची उत्तम योजना जे बेट सादर करील, त्याची निवड व्हावयाची होती. हा मान सामसोला मिळाला. पण त्याबरोबर मोठे अनुदान मिळाले नाही. भांडवल लोकांनीच उभे करावयाचे होते.

सोरेन हर्मानसेन हे याच बेटावरील शेतकऱ्याचे पुत्र आणि व्यवसायाने शिक्षक. या योजनेचे पहिले पगारी कार्यकर्ते म्हणून त्यांनी गावोगाव सभा घेतल्या. प्रारंभी लोक साशंक होते. पवनचक्क्यांचा आवाज होईल, देखावा बिघडेल, पैसा बुडेल, अशा शंका निघत. त्या शंकांना नुसत्या व्याख्यानाने उत्तर मिळण्यासारखे नव्हते. पवनचक्की आपल्या मालकीची असेल, तर तिच्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलते, हे हळूहळू सर्वांना उमगले. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचे भाग शेतकरी घेतात, त्याप्रमाणे तेथील शेकडो रहिवाशांनी पवनचक्क्यांचे भाग घेतले. विजेला ठरावीक दर मिळण्याची हमी असल्यामुळे बँकांनीही कर्जे दिली. २००० साली जमिनीवर ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि २००३ साली दक्षिणेकडील समुद्रात आणखी १०. समुद्रातील पाच पवनचक्क्या नगरपालिकेच्या मालकीच्या होत्या.

या भांडवलातून कामे कशी निर्माण झाली? पवनचक्क्यांची पाती आणि यंत्रे बेटावर तयार झाली नाहीत. ती मुख्य भूमीवरील कारखान्यांतून आली. पाया खणण्याचे व उभारणीचे कामही काही काळच चालले. मात्र उभ्या केलेल्या यंत्रांची देखभाल कायमची असते. शिवाय योजना केवळ विजेपुरती नव्हती. गावांमध्ये गव्हाचा व इतर धान्यांचा पेंढा जाळून पाणी तापवणारी केंद्रे बांधण्यात आली. ते ऊन पाणी जमिनीखालील नळांतून घरोघरी जाते. त्यासाठी पेंढा गोळा करून पोहोचवणारा शेतकरी हवा, नळ जोडणारा नळकारागीर हवा, भट्टी सांभाळणारा माणूस हवा. जुन्या घरांच्या भिंतींना व छपरांना ऊब टिकवणारे अस्तर लावण्यासाठी गवंडी व सुतार लागले. बेटावरील कारागिरांनी प्रशिक्षण घेऊन नवी विद्या आत्मसात केली. तेलासाठी बाहेर जाणारा पैसा आता शेजाऱ्याच्या मजुरीच्या रूपाने बेटावरच फिरू लागला.

दहा वर्षांच्या आत सामसो स्वतःच्या गरजेहून अधिक ऊर्जा निर्माण करू लागले. मोटारी आणि बोटी त्या वेळीही तेलावरच चालत. परंतु त्या तेलाची भरपाई होईल इतकी वीज समुद्रातील पवनचक्क्या देत. पूर्वी ज्या मार्गाने बेटाकडे वीज येई, त्याच मार्गाने ती आता मुख्य भूमीकडे जाऊ लागली. २००७ साली बेटावर ऊर्जा अकादमी स्थापन झाली आणि देशोदेशींचे अभ्यासक तेथे येऊ लागले.

तरुणांनी बेट सोडून जाण्याचा प्रश्न यामुळे पूर्णपणे सुटला असे नाही. लहान बेटांपुढील ती अडचण अजूनही आहे. तरीही सामसोने एक गोष्ट सिद्ध केली. वारा आणि ऊन निसर्ग देतो. त्यांपासून रोजगार निर्माण करण्यासाठी मात्र भांडवल, कौशल्य व सहकार्य यांची जोड द्यावी लागते. ते भांडवल स्थानिक लोकांच्या हाती असेल, तर कामही तेथेच राहते, आणि घराजवळ, अंगच्या कसबाला मान देणारे काम मिळणे हीच खरी समृद्धी होय.

स्वाध्याय
१. १९९७ पूर्वी सामसो बेटावरील पैसा बाहेर का जात असे?
२. लोकांच्या मनातील शंका कशा दूर झाल्या?
३. थोडा काळ चालणारी कामे आणि कायम टिकणारी कामे यांची पाठाच्या आधारे दोन-दोन उदाहरणे द्या.
४. तुमच्या गावात वारा, ऊन किंवा शेतातील टाकाऊ माल यांचा उपयोग करावयाचा झाल्यास कोणकोणत्या कारागिरांना काम मिळेल, ते दहा ओळींत लिहा.