हरमलच्या माथ्यावरील उपग्रह

उपग्रह खाली का पडत नाही, असे वर्गात विचारले की हमखास उत्तर येते, "तिथे गुरुत्वाकर्षण नसते, सर!" हे उत्तर चूक आहे. उपग्रह सतत पडतच असतो. हरमलच्या डोंगरावरून समुद्राकडे दगड फेका. तो वाकत वाकत पाण्यात पडेल. जितका जोर अधिक, तितका तो लांब जाईल. हवेचा अडथळा नसता आणि दगडाची वाट जितकी खाली वाकते तितकीच पृथ्वीची पाठही खाली वळत जाईल एवढा वेग त्याला देता आला असता, तर पाणी त्याला कधीच लागले नसते. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर अशा एका फेरीला पृथ्वीच्या स्वतःभोवतालच्या फेरीइतकाच वेळ लागतो. म्हणून तो उपग्रह आपल्याला एकाच जागी खिळल्यासारखा असतो, आणि आपल्या घरांवरची डिश एकदा बसवली की पुन्हा फिरवावी लागत नाही.

२०१६ साली सोडलेला इन्सॅट-३डीआर हा हवामान-उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर ठेवण्यात आला. हरमलचा रेखांशही जवळजवळ तोच. दक्षिणेकडे तोंड करून मान चांगली वर केली, की आपली नजर त्याच्याच रोखाने जाते. (दिसत मात्र काही नाही!) अवरक्त किरणांच्या साहाय्याने तो रात्रीसुद्धा ढगांच्या माथ्यांचे तापमान मोजतो. माथा जितका थंड, तितका ढग उंच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळून गेले, त्याआधीच मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचे इशारे मिळाले होते, त्यामागे अशी उपग्रहचित्रे होती.

परंतु छत्तीस हजार किलोमीटर सहज ओलांडणारी बातमी शेवटच्या काही किलोमीटरांवर अडते. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांपलीकडे मोबाईल सहसा मुका होतो. २०१७ च्या ओखी वादळात खोल समुद्रात गेलेल्या कित्येक नौकांना इशारा मिळालाच नाही, आणि माणसे परत आली नाहीत. त्यानंतर २०१९ मध्ये 'जेमिनी' हे यंत्र आले. त्यात इशारा उपग्रहावरून थेट नौकेवर उतरतो. पण संदेश एकाच बाजूने. नौकेवरच्या माणसाला उलट हाक देण्याची सोय नव्हती. माझ्या मते ही उणीव मोठी होती. दोन्ही बाजूंनी संदेश नेणारी यंत्रे नौकांवर बसविण्याच्या योजनेचा आरंभ ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे झाला.